भोकं माझी, लेप तुमचा

तुम्ही गेल्यावर घरातली बाकीची कामं कुणी ना कुणी उरकली. कंपनीतलं तुमचं कपाट लाइनवरच्या मित्रांनी रिकामं केलं. गॅसच्या जोडणीवरचं नाव बदलायला दौंडहून माझा दादा आला. तुमचे शर्ट भावकीत वाटले गेले, आणि परवा शिक्रापूरच्या चौकात तुमचा चौकड्यांचा शर्ट मला समोरून चालत येताना दिसला. त्यात तुमचा चुलतभाऊ होता. एकच काम कुणी केलं नाही, कारण ते कुणाला येतच नव्हतं. आक्कांचा तंबू अर्धा राहिला होता. डाव्या उताराच्या शिलाईवर तुमचा लेप होता. आढ्यावर आणि उजव्या बाजूला नुसती माझी शिलाई, म्हणजे नुसती भोकं.

हे तुमचंच बोलणं. "भोकं ही पाडती, बुजवतो मी," असं तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात. सुई कापडातून गेली की भोक पडतं, शिलाई जितकी पक्की तितकी भोकं जास्त, आणि पाणी बरोबर तिथूनच आत शिरतं, हे सगळं मला मान्य आहे. पण तुमचा सूर असा असायचा की जणू मी मुद्दाम पाडते. मग मी म्हणायचे, "शिवत नाही, जा. डिंक लावून चिकटवा तुमचा तंबू." तुम्ही हसत चहा मागायचात आणि भांडण तसंच राहायचं.

आक्कांचं काम तुम्ही फारच मनावर घेतलं होतं. वडगाव रासाईची तुमची सगळी भावकी केव्हाच उसात आणि दुधात स्थिरावली, भीमेच्या काठाला स्लॅबची घरं झाली, दाराशी ट्रॅक्टर आले. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरणारी तुमची थोरली बहीण आणि तिचे मालक, एवढी दोघंच आता उरली आहेत. त्यांचं सगळं बिऱ्हाड एका म्हाताऱ्या घोडीवर. रात्रीच्या निवाऱ्याची जाड ताडपत्री अवकाळी पावसात एकदा भिजली की त्या ओझ्याखाली घोडी उठत नाही, मग ती ओली ताडपत्री आक्का स्वतःच्या डोक्यावर घेऊन चालतात. साठी उलटलेली बाई. तुम्ही हे गेल्या वर्षी घाटात डोळ्यांनी बघून आलात, आणि तेव्हापासून जेवताना, आंघोळीला जाताना एकच घोकणं, "आक्काला हलकं पाल द्याचं. मुठीत मावंल असं."

तसं ते झालं. सिलिकॉन चढवलेलं पातळ नायलॉन, घडी केली की माझ्या भाजीच्या पिशवीत मावतं. त्या शेवटच्या रविवारी तुम्ही तो तंबू गच्चीवर टाकी आणि कठडा यांच्यामध्ये दोरीवर ताणून उभा केलात. माझ्या स्टीलच्या वाटीत बाथरूमच्या फटीत भरतात ते सिलिकॉन पिळलंत, टर्पेंटाइन घातलंत आणि ढवळत बसलात. किती घट्ट हवं ते माप तुम्ही माझ्या स्वयंपाकातून उचललं होतं, कढीपेक्षा दाट, पिठल्यापेक्षा पातळ. ब्रशनं पहिला हात दिलात. मग शिलाईवरून बोट फिरवत खाली आलात, आणि जिथं शिलाई संपते, जिथं मी मागेपुढे टाके मारते म्हणून भोकं सगळ्यात जास्त असतात, तिथं नेहमीसारखा अंगठा टेकवलात. "दुसरा हात उद्या, पाळीवरनं आलो की," म्हणालात.

सोमवारी दुपारची कंपनीची बस आली, सगळे चौकात उतरले आणि तुम्ही खिडकीशी तसेच बसून राहिलात. शेजारच्या माणसानं वाटेत तुम्हाला उठवलं नव्हतं. दमलाय, झोपू दे, असं वाटलं म्हणाला त्याला. नंतर तो माझ्यासमोर बसून रडला आणि मीच त्याला चहा करून दिला. मला त्याचा राग आला नाही. तुमचा आला. एवढं सगळं सोडून जायचं आणि भांडायलाही मागे कुणी ठेवायचं नाही, याचा आला.

दुसरा हात राहून गेला, म्हणून एक झालं. रोज सकाळी ऊन तिरकं असताना डाव्या शिलाईच्या टोकाला तुमच्या अंगठ्याच्या रेषा दिसायच्या. पारदर्शक सिलिकॉनमध्ये अगदी स्पष्ट. मधली एक रेघ तुटकी होती, पत्र्यानं अंगठा कापला होता तिथली. मी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं वर जायचे आणि बघत बसायचे. एकदा त्यावर माझा अंगठा ठेवून बघितला. खूपच लहान आहे माझा.

आक्का तेरावं होईपर्यंत इथंच होत्या. जाताना गच्चीवर आल्या, कापडाला हात लावून म्हणाल्या, "केवढं गं हलकं. काईच नसल्यावानी." मग तुमची बाजू बघितली, कोरी राहिलेली बाजू बघितली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "राहू दी, पोरी. ताडपत्री हाय की अजून." त्या ताडपत्रीचं नाव काढल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "न्हाई वन्सं, दिवाळीच्या आत देते." आता दिलेला शब्द तुमचा आणि माझा असा दोघांचा झाला, आणि मला तर लेप लावता येत नव्हता. इतकी वर्षं तुम्ही मला ब्रशला हात लावू दिला नाहीत. सुईवालीनं ब्रश धरायचा नाही, हा तुमचा कायदा.

दादा म्हणतो, दौंडला चल. "हितं ह्या ट्रकांच्या धुरात एकटी काय करणार तू? मशीन बी टाकू टेम्पोत." त्याचं चूक नाही. तंबू झाला की बघू, एवढंच मी त्याला सांगितलं आहे.

तुम्हाला आठवतो का आपला पहिला तंबू? मला तो आठवला की आताही हसू येतं, आणि मग हसल्याबद्दल घरात कुणी विचारत नाही म्हणून ते लगेच ओसरतं. धरणाकाठी पर्यटकांना तंबू भाड्यानं देणाऱ्या एकानं तो आपल्याकडे दिला होता. फाटका आणि गळका. मी फाटलेलं शिवलं. तुम्ही कंपनीत गाड्यांच्या पत्र्याचे सांधे सीलरनं भरायचात, त्यामुळे पाणी कसं अडवायचं ते जगात आपल्यालाच कळतं, असा तुमचा समज होता. पण गाडीचं सीलर पुढे भट्टीत भाजून पक्कं करतात, आणि तंबू काही भट्टीत घालता येत नाही. तेव्हा तुमच्यातला मेंढपाळ जागा झाला. तुम्ही चिंचोके आणलेत. भाजून, टरफलं काढून, भिजवून, वाटून माझ्या पातेल्यात शिजवलेत आणि घोंगडीला देतात तशी खळ त्या नायलॉनच्या शिलायांना दिलीत. मी म्हटलं, "अहो, हे लोकर नाही, प्लॅस्टिक आहे." तुम्ही म्हणालात, "आमच्या आईनं खळ दिलेल्या घोंगडीतनं आखाडातबी पानी गेलं न्हाई. तू दौंडच्या रेल्वे क्वार्टरातली, तुला काय ठावं!"

वाळल्यावर तंबू पापडासारखा कडक झाला. तुम्ही टिचकी मारून मला आवाज ऐकवलात. एवढ्यावर थांबला असतात तर बरं, पण आक्कांना दाखवायला म्हणून वडगावला नेलात आणि मेंढरांच्या वाड्याजवळ ताणून ठेवलात. सकाळी बघतो तर शेळ्यांनी सगळी खळ चाटून साफ केलेली आणि एका बोकडानं दाराची झडप खाऊन टाकलेली. आक्का हसता हसता खालीच बसल्या. "सुखा, आता त्या बोकडाच्या पोटात पानी शिरायचं न्हाई बघ," म्हणाल्या. तो तंबूवाला न्यायला आला तेव्हा नव्या झडपेकडे बघून त्यानं विचारलं, काय झालं होतं. तुम्ही म्हणालात, जनावर आलं होतं. "बिबट्या?" त्याचे डोळे एवढे मोठे झाले. शिरूर तालुक्यात हे कुणालाही पटतं. तुम्ही हो म्हणाला नाहीत आणि नाहीही म्हणाला नाहीत. पुढे तो माणूस म्हणे गिऱ्हाइकांना तोच तंबू कौतुकानं दाखवायचा.

मग हळूहळू कळत गेलं. कुठल्या कापडाला काय चिकटतं, कशावर काय टिकतच नाही, शिलाई आधी स्पिरिटनं पुसायची, कापड ताणलेलं असतानाच लेप द्यायचा. लेप वाळला तरी हाताला किंचित चिकटतो आणि घडी घातली की कापडच कापडाला धरून बसतं, म्हणून वरून टाल्कम पावडर भुरभुरायची. ती माझी. आंघोळीनंतर मला डबा रिकामा सापडायचा. तुमच्या हातांना कायम सिलिकॉनचा आंबूस वास आणि त्यावर माझ्या पावडरीचा, आणि बसमधले लोक तुम्हाला चिडवायचे. परवा वाण्याच्या दुकानात तो पावडरीचा डबा समोर दिसला आणि मी काय घ्यायला आले होते तेच विसरले.

आपलं एक भांडण अजून मिटलेलं नाही. माझं म्हणणं, लेपाचा एक हात आतल्या बाजूनंही द्यावा. तुमचं म्हणणं, "चोराला घरात घिऊन मग दार लावायचं व्हय?" मी म्हणायचे, दोन्ही दारं लावली तर काय बिघडतं. तुम्ही म्हणायचात, वजन वाढतं. वजन! वाटीभर सिलिकॉनचं. पण हलक्या सामानाचं भूत तुमच्या मानेवर बसलेलं, तुम्ही दोरीच्या गाठीची शेपटंसुद्धा कापून टाकायचात. हे भांडण मी कधीच सोडलं नसतं. आता मला अडवणारं कुणी नाही, हवा तेवढा लेप आतून देता येईल. मी दिला नाही. तुम्ही उत्तर द्यायला नसताना जिंकण्यात मला गंमत वाटेना.

एकटीनं काम करताना मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही नुसते बसलेले असायचात तेव्हाही काम करत होतात. हे कापड भलतंच निसरडं. मी मशीनवर शिवत असताना दुसरं टोक टेबलावरून घसरून खाली जातं आणि शिलाई ओढली जाते. तुम्ही पलीकडे खुर्ची टाकून ते टोक धरायचात आणि मोबाइलवर काहीतरी बघत असायचात. मी म्हणायचे, "नुसते बसलात, जरा भाजी तरी निवडा." आता त्या टोकावर मी वरवंटा ठेवते. वरवंटा चांगला धरतो, हलत नाही. पण मान वर केली की समोर खुर्ची दिसते, म्हणून ती मी आतल्या खोलीत नेऊन ठेवली आहे.

संध्याकाळ त्याहून वाईट. तुम्ही होतात तेव्हा मी दिवसभर गप्प असायचे, कारण संध्याकाळी बोलायला मिळणार हे माहीत असायचं. आता दिवसभर बाहेर ट्रकांचे हॉर्न, आणि दिवस संपला की कळतं, आज आपण एकदाही तोंड उघडलेलं नाही. एकदा भाजीवाल्याशी मी उगाच घासाघीस केली. त्यानं आधीच पडता भाव सांगितला होता.

शेवटी एका सकाळी वाटी घेतली. कढी आणि पिठलं यांच्या मधलं केलं. आढ्याला आणि उजव्या शिलाईला हात दिला. तुमचा हात एका रेषेत यायचा, माझा भरकटल्यासारखा इकडेतिकडे. एक थेंब खाली ओघळला आणि मी तुमची बोलणी ऐकायला थांबले. दुसऱ्या दिवशी दुसरा हातही दिला. डाव्या बाजूला मात्र ब्रश नेला नाही. ती बाजू झाली आहे, असं मी स्वतःला सांगितलं. तुमच्यासारख्या माणसानं दिलेला एक हात माझ्या दोन हातांबरोबर, असंही सांगितलं. खोटं होतं ते, मला माहीत होतं.

मग राहिली परीक्षा. आणि तिथं मी अडले. आपल्या परीक्षेला दोन माणसं लागतात. एकानं वरून झारीनं पाणी घालत राहायचं, एकानं आत उताणं पडून बॅटरीच्या उजेडात शिलाया बघायच्या. कंपनीत गाड्यांवर पाण्याचे फवारे सोडून बघतात, तीच रीत तुम्ही घरी आणलीत. तुम्ही आत, मी बाहेर. आतून आरोळी यायची, "न्हाई गळत! अजून वत!" आत मी कधी गेलेच नाही. गळकं ठिकाण हेरायला सवयीची नजर लागते म्हणायचात, आणि मलाही त्या कोंडमाऱ्यात पडायची हौस नव्हती.

शेवटी शेजारच्या खोलीतल्या रेखाला बोलावलं. तिचा नवरा बिहारकडचा, तुमच्याच कंपनीच्या बाजूच्या कारखान्यात आहे. तुम्ही तिला ओळखत होतात, पण एवढंच की ती लाजाळू आहे आणि बोलत नाही. तिच्या हातात झारी दिली, "डालते रहना" म्हटलं, आणि मी पहिल्यांदा तुमच्या जागी जाऊन पडले.

आत इतकं शांत असतं, हे मला माहीतच नव्हतं. बाहेर उभं राहिलं की पाणी उतारावरून घसरून शेजारच्या पत्र्यावर कोसळतं आणि आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. आत मात्र फक्त सळसळ. आणि त्या सळसळीत, कापडाच्या पलीकडे वाकून पाणी घालणारी रेखा स्वतःशी बोलत होती. शब्दन् शब्द. "बेचारी. किसी के सामने रोती भी नहीं है. खाना भी बनाती है कि नहीं, भगवान जाने. बुलाऊँ तो बुरा मान जाएगी." लाजाळू रेखा झारी भरायची, ओतायची आणि बोलत राहायची, तिला खात्री होती की आत काही जात नाही.

अहो, मीही बोलायचे. इतकी वर्षं, प्रत्येक तंबूवर पाणी घालताना. तोंडावर जे बोलता यायचं नाही ते सगळं त्या पाण्याच्या आवाजात बोलून मोकळी व्हायचे. आणि मधूनच शंका आली की मोठ्यानं विचारायचे, "ऐकू येतंय का हो?" आतून तुमचं उत्तर यायचं, "काय म्हनतीस? लई आवाज हाय पान्याचा!"

मी त्या ओल्या सळसळीत पडल्या पडल्या एकेक आठवत गेले. एकदा मी म्हणाले होते की शिक्रापुरात रेल्वेच्या शिट्ट्या नाहीत, झोपताना दौंडची आठवण येते. पुढच्या रविवारी तुम्ही म्हणालात, दौंडला काम आहे, चल. काम काही निघालं नाही. स्टेशनवर बाकावर बसून आपण भजी खाल्ली, चार गाड्या आल्या, गेल्या, आणि परत आलो. मी वाटेत चिडले होते, फुकट पेट्रोल घालवलं म्हणून.

एकदा तुमच्या मावशीनं तुमच्या माघारी मला मूल नसण्यावरून टोचलं होतं. मी ते तुम्हाला कधीच सांगितलं नाही. तंबूला सांगितलं होतं. त्यानंतर वरवंडच्या लग्नात, पंगतीत, सगळ्यांच्या देखत तुम्ही मावशीला म्हणालात, "डाक्टरनी दोष माझ्यात सांगितलाय, मावशी." डॉक्टरांनी असं काहीच सांगितलं नव्हतं, दोघांतही काही निघालं नव्हतं. मोटरसायकलवर शिक्रापूरपर्यंत मी तुमच्याशी भांडले. असं खोटं का बोललात, कुणी मागितलं होतं? तुम्ही हेल्मेटच्या आतून एवढंच म्हणालात, "तोंडं बंद झाली ना? मंग." तुम्हाला ते तेव्हाच कसं सुचलं, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

आणि एकदा, तेव्हा माझा मूड बरा असावा, मी म्हणाले होते, "हा माणूस मिळाला ते बरंच झालं. पण सांगायची नाही, डोक्यावर चढून बसेल." तुम्ही तंबूतून बाहेर आलात ते दात काढत. मी म्हटलं, "काय झालं हसायला?" तुम्ही म्हणालात, "कुठं काय, गळत न्हाई म्हनून."

लबाड माणूस! सगळं ऐकत पडून राहायचं आणि बाहेर येऊन पाण्याचा आवाज सांगायचा. मला वाटत होतं की तुम्हाला सांगायचं कितीतरी राहिलं, आता कुणाला सांगू. राहिलं नव्हतं. तुम्हाला पोचलेलं होतं. मी त्या तंबूत पडून रडले, तेरा दिवसांत रडले नव्हते तेवढी रडले, आणि बाहेर रेखा पाणी घालत होती.

तेवढ्यात मनगटावर थेंब पडला. गार. मी बॅटरी फिरवली. माझं आढं कोरडं, माझी उजवी बाजू कोरडी. थेंब डावीकडून आला होता. शिलाईच्या टोकाला, बरोबर तुमच्या अंगठ्याखाली. दाबलात तिथं थर पातळ झाला, आणि त्यावर द्यायचा तो दुसरा हात कधी मिळालाच नाही.

बाहेर आले. रेखानं विचारलं, "दीदी, लीक है क्या?" मी म्हटलं, आहे थोडं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पुन्हा पहिल्यासारखी लाजाळू. मी म्हटलं, "रेखा, आज खाना तेरे यहाँ खाऊँगी. चलेगा?" ती इतकी हरखली की झारी तशीच ठेवून धावत खाली गेली. मी तिला काही सांगितलं नाही. तुमच्याकडूनच शिकले.

पण तो अंगठा. दोन दिवस मी ब्रश घेऊन वर जायचे आणि तशीच खाली यायचे. त्यावर हात फिरवला की तुम्ही बुजणार. फोटो आहेत तुमचे, पण फोटोत तुम्ही कुठं काय करताय, नुसते उभे आहात. हा अंगठा कामातला. एकदा तर कात्री घेऊन गेले. तेवढा कोपरा कापून ठेवावा आणि तिथं नव्या कापडाचं ठिगळ शिवून द्यावं. ठिगळाच्या मापाचं कापड कापलंसुद्धा. मग सुईत दोरा ओवताना लक्षात आलं, ठिगळ म्हणजे चारी बाजूंनी शिलाई. आपल्याला एक ठसा जपायचा म्हणून आक्कांच्या डोक्यावर ओळीनं नवी भोकं पाडायची. घाटात मध्यरात्री पाऊस लागेल, त्या उठतील, ओलं अंथरूण गोळा करतील, आणि नेहमीसारखं कुणाला काही म्हणणार नाहीत. सोमवारी तुम्ही पाळीवरून आला असतात, चहा प्यायला असतात आणि त्या ठशाकडे न बघताच त्यावर ब्रश फिरवला असतात.

काल सकाळी मी फिरवला. ऊन यायच्या आधी गेले, रेषा दिसू नयेत म्हणून. स्पिरिटनं पुसलं, हात दिला, वरून बोट ओढत आणलं. शेवटी अंगठा टेकवायची तुमची सवय होती, ती मी उचलली नाही.

उद्या आक्का तंबू न्यायला येणार आहेत. चूल तंबूबाहेर मांडा, ठिणगी पडली तर भोक पडेल, एवढं त्यांना बजावायचं आहे. त्यानंतर दादाला फोन करायचा, की नाही करायचा, ते अजून ठरलेलं नाही.

आज सकाळी लेप वाळलेला होता. वरून पावडर टाकली. रेखा कामाला गेली होती, म्हणून झारी मीच भरली. पाणी घालायचं, झारी ठेवून आत शिरायचं, बघायचं, पुन्हा बाहेर यायचं, असंच आता करावं लागणार. मी डाव्या टोकाशी वाकून उभी राहिले. पाणी उतारावरून गेलं आणि पत्र्यावर कोसळायला लागलं. आत कुणी नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी कापडाजवळ तोंड नेऊन मी म्हणाले, "अहो, मला करमत नाही."

मग झारी खाली ठेवली आणि आत जाऊन बघितलं. कोरडं होतं.